समान हक्कांचे राज्य : वायोमिंग

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला पाहुण्यांचे भाषण असते आणि मागाहून अल्पोपाहार असतो. भाषण लांबले की सगळ्यांचे लक्ष कुठे जाते हे मला चांगले ठाऊक आहे! म्हणून आज मी एकच प्रांत घेणार आहे. अमेरिका म्हटली की आपल्यासमोर न्यूयॉर्कच्या उंच इमारती नाहीतर कॅलिफोर्निया उभी राहते. मी मात्र तुम्हांला त्या देशातल्या सर्वांत थोड्या वस्तीच्या राज्यात नेणार आहे. त्याचे नाव वायोमिंग. मुलींनी भूगोलाच्या तासाला नकाशात ते पाहिले असेल. पट्टीने आखून काढावा तसा हा चौकोन आहे. याच चौकोनात १८६९ साली स्त्रियांना मतदानाचा हक्क देणारा कायदा झाला. तेव्हा अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही राज्यात वा प्रदेशात स्त्रियांना असा पूर्ण हक्क नव्हता. तो हक्क कसा आला, कसा टिकला आणि कुठे निसटला, हे आपल्यासारख्या मंडळाने ऐकण्याजोगे आहे.

प्रथम भूगोल थोडक्यात पाहू. वायोमिंगचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ५३ हजार चौरस किलोमीटर आहे. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांच्या वर, म्हणजे वायोमिंग आपल्याहून फार लहान नाही. पण २०२०च्या खानेसुमारीत तिथली लोकसंख्या भरली अवघी ५ लाख ७६ हजार ८५१! आपल्या एकट्या अमरावती शहराची वस्ती २०११ सालीच याहून अधिक होती. उत्तरेस मोंटाना, पूर्वेस साउथ डाकोटा व नेब्रास्का, दक्षिणेस कोलोरॅडो, नैर्ऋत्येस युटा आणि पश्चिमेस आयडाहो ही त्याची शेजारची राज्ये. समुद्र कुठेच नाही. पूर्वेकडे गवताळ सपाट माळ आणि पश्चिमेकडे रॉकी पर्वताच्या रांगा. सर्वांत उंच शिखर गॅनेट पीक, उंची १३ हजार ८०० फुटांच्या वर. सपाट म्हणावा असा प्रदेशही समुद्रसपाटीपासून चारपाच हजार फूट उंच आहे. त्यामुळे हवा कोरडी, पाऊस बेताचा, हिवाळा कडक, आणि वारा असा की दोरीवरचे कपडे चिमट्यांनाही दाद देणार नाहीत.

आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे काही पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते, तर काही कृष्णा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. वायोमिंगमधूनही अशीच एक पाणलोटाची रेषा जाते. तिच्या एका बाजूचे पाणी मिसूरी नदीतून अखेर मेक्सिकोच्या आखाताकडे जाते, दुसऱ्या बाजूचे स्नेक व ग्रीन या नद्यांवाटे पॅसिफिकच्या बाजूला. मध्येच एक खोलगट भाग असा आहे की तिथले पाणी दोन्हीकडे जात नाही. तिथेच मुरते किंवा आटते. वायव्येच्या कोपऱ्यात यलोस्टोन आहे. जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात, ते हेच ठिकाण. १८७२ साली ते राष्ट्रीय उद्यान ठरले. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ते ओळखले जाते.

या भूमीचे मूळचे रहिवासी शोशोनी, अरापाहो, शायेन, क्रो, लाकोटा हे आदिवासी समाज. ‘वायोमिंग’ हा शब्द मात्र यांच्यापैकी कोणाचाच नव्हे. तो दूर पूर्वेकडच्या पेनसिल्व्हेनियातील डेलावेअर लोकांच्या भाषेतून आला. त्याचा अर्थ मोठ्या नदीकाठची सपाटी असा आहे. नाव परगावाहून आले, आणि पाठोपाठ माणसेही परगावाहून आली. १८४०च्या सुमारापासून लाखो माणसे बैलगाड्यांचे तांडे घेऊन याच प्रदेशातून पश्चिमेकडे गेली; साउथ पास नावाच्या सोप्या खिंडीतून त्यांनी रॉकी पर्वत ओलांडला. त्यांत बायका होत्या, लेकुरवाळ्या होत्या. वाटेत बाळंत होणाऱ्या होत्या, आणि वाटेतच पुरल्या गेलेल्याही होत्या. पण बहुतेक पुढे निघून गेल्या. येथे वस्ती झाली ती आगगाडीमुळे. १८६७ साली युनियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ शायेन गावाला पोहोचले. हेच गाव पुढे राजधानी झाले. १८६८ साली वायोमिंग हा स्वतंत्र ‘प्रदेश’ ठरला. त्याला पूर्ण राज्याचा दर्जा नव्हता. गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जाई, विधिमंडळ मात्र लोकांनी निवडलेले.

आता मुख्य कथेकडे वळते. विधिमंडळाची पहिलीच बैठक १८६९ साली शायेनला भरली. सभासद अर्थातच सगळे पुरुष. विल्यम ब्राइट नावाचे एक गृहस्थ वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष होते. साउथ पास सिटी या सोन्याच्या खाणीच्या गावात त्यांचा दारूचा गुत्ता होता. यांनीच स्त्रियांच्या मताधिकाराचे विधेयक आणले. ते दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, आणि १० डिसेंबर १८६९ रोजी गव्हर्नर जॉन कॅम्पबेल यांनी त्यावर सही केली. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीला मत देण्याचा आणि अधिकारपद धारण करण्याचा हक्क मिळाला.

हे सगळे उदात्त विचारातून झाले काय? मैत्रिणींनो, तसे म्हणता येणार नाही. ब्राइट यांची पत्नी जूलिया या मताधिकाराच्या बाजूच्या होत्या आणि त्यांच्या मताला घरात वजन होते, असे सांगतात. पण बाकीच्या सभासदांच्या मनात नाना हेतू होते. प्रदेशात पुरुषांच्या मानाने बायका फारच थोड्या, साधारण सहा पुरुषांमागे एक. अशा कायद्याने गावाचे नाव वर्तमानपत्रांत गाजेल, बायका येऊन वस्ती करतील, असा काहींचा हिशेब होता. काहींना विरुद्ध पक्षाच्या गव्हर्नरला पेचात पकडायचे होते. तो सही करणारच नाही अशी त्यांची अटकळ होती. आणि काहींचा युक्तिवाद तर ऐकायला कडू आहे. यादवी युद्धानंतर काळ्या पुरुषांना मत मिळाले होते. मग आमच्या गोऱ्या बायकांनाच का नाही, असे ते म्हणत. चांगला कायदा कधी कधी अशा मिश्र हेतूंतून येतो. तो ज्यांच्या पदरात पडतो, त्या त्याचे काय करतात यावर पुढचे सारे अवलंबून असते.

त्याच अधिवेशनात आणखी दोन गोष्टी झाल्या, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क देणारा कायदा झाला. आणि सारख्याच पात्रतेच्या शिक्षक व शिक्षिका यांच्या पगारात स्त्री-पुरुष म्हणून फरक करू नये असे ठरले. आपल्यातल्या ज्या निवृत्त शिक्षिका आहेत त्यांनी हे साल लक्षात ठेवावे : १८६९!

आता बायकांनी काय केले ते पाहू. फेब्रुवारी १८७०मध्ये साउथ पास सिटी येथे एस्थर मॉरिस या पन्नाशी ओलांडलेल्या बाईंची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. अशा पदावर बसलेली ही अमेरिकेतील पहिली स्त्री. गाव खाणकामगारांचे, भांडणे, मारामाऱ्या, उधारीचे दावे यांना तोटा नाही. त्यांच्या आधीच्या न्यायाधीशाने नव्या कायद्याच्या निषेधार्थ राजीनामा दिला होता आणि तो दप्तर त्यांच्या हवाली करीना. पहिलाच दावा त्याच्याविरुद्ध उभा राहिला. एस्थरबाईंनी तो काढून टाकला. या भांडणात मी स्वतःच एक पक्ष आहे, तेव्हा मी न्याय कसा करणार, असा त्यांचा विचार. जुने दप्तर गेले तर जाऊ दे म्हणून त्यांनी नव्या कोऱ्या वहीने कामाला आरंभ केला. साडेआठ महिन्यांत पंचवीसहून अधिक दावे त्यांनी चालवले. एस्थरबाईंनी चहापानाला बोलावून ब्राइटसाहेबांकडून मताधिकाराचे वचन घेतले, अशी एक गोड आख्यायिका पुढे पसरली. संशोधकांना तिला भक्कम आधार सापडलेला नाही. पण त्या आख्यायिकेची त्यांना गरजही नाही. त्यांचे काम पुरेसे आहे. वॉशिंग्टनच्या संसद-भवनात वायोमिंगच्या वतीने १९६० सालापासून त्यांचा पुतळा उभा आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये लॅरामी गावी ज्यूरीवर स्त्रिया बसल्या. पूर्वेकडच्या वृत्तपत्रांनी त्यांची टिंगल केली. मांडीवर तान्हे मूल घेऊन न्याय करणाऱ्या बायकांची व्यंगचित्रे छापली, थट्टेची गाणी रचली. बायकांनी तिकडे लक्ष दिले नाही. खून, जनावरांची चोरी, गुत्त्यांतले गैरप्रकार यांची प्रकरणे त्यांनी काटेकोरपणे पाहिली. इतकी, की गुत्तेवाल्यांना त्या नकोशा झाल्या.

मतदानाचा दिवस आला ६ सप्टेंबर १८७० रोजी. लॅरामीमध्ये सर्वांत आधी मत दिले ते लुइझा स्वेन या एकोणसत्तर वर्षांच्या आजींनी. पाव फुगवायचे यीस्ट आणायला त्या लहानशी बादली घेऊन निघाल्या होत्या. वाटेत मतदानाची जागा लागली, तेव्हा मत देऊन मग खरेदीला गेल्या, अशी हकीगत सांगतात. शेजारच्या युटा प्रदेशाने स्त्रियांना हक्क दिला तो वायोमिंगनंतर, फेब्रुवारी १८७०मध्ये. पण तिथे निवडणूक लगेच आल्याने प्रत्यक्ष मत आधी पडले ते युटाच्या बायकांचे. म्हणून पहिला कायदा वायोमिंगचा आणि पहिले मतदान युटाचे, असे म्हणणे न्यायाचे ठरेल. मात्र युटाच्या बायकांचा हा हक्क १८८७ साली केंद्र सरकारने काढूनही घेतला. दिलेला हक्क परत जाऊ शकतो, हे त्यावरून दिसले.

वायोमिंगमध्येही तसे घडतच होते. १८७१ साली पुढचे विधिमंडळ भरले आणि त्याने हा कायदा रद्द करण्याचे विधेयक मंजूर केले! गव्हर्नर कॅम्पबेल यांनी ते नाकारून परत पाठवले. त्यांचा नकार ओलांडण्याइतकी मते कनिष्ठ सभागृहात जमली. वरिष्ठ सभागृहात एक मत कमी पडले. एका मताने वाचला हो कायदा! माझ्या एका मताने काय होणार, असे म्हणणाऱ्या भगिनींना मी ही गोष्ट नेहमी सांगते.

ज्यूरीचे मात्र तसे झाले नाही. नवा मुख्य न्यायाधीश आला, त्याला स्त्रिया नको होत्या, आणि १८७१नंतर त्यांना बोलावणे बंद झाले. कायदा कोणी मोडला नाही, मोठी सभा भरली नाही. नुसते बोलावणे थांबले. ते पुन्हा सुरू व्हायला १९४९चा कायदा यावा लागला. मध्ये जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. हक्क मोठ्या आवाजात हिरावला तर चार माणसे जमतात. तो असा हळूच बाजूला ठेवला की कोणाच्या लक्षातही येत नाही.

१८८९ साली वायोमिंगने पूर्ण राज्य होण्यासाठी आपली घटना लिहिली. मतदानाचा व अधिकारपदाचा हक्क स्त्री-पुरुष भेदावरून नाकारला जाणार नाही, असे तिच्यात स्पष्ट लिहिले. वॉशिंग्टनला या कलमावरून कडाक्याचा वाद झाला. स्त्रियांना वगळून संघराज्यात येण्यापेक्षा आम्ही शंभर वर्षे बाहेर राहू, असे वायोमिंगने कळवले, ही कथा तिकडे अभिमानाने सांगतात. तिला थोडा रंग चढला असेल, पण कलम काढले गेले नाही हे खरे. प्रतिनिधिगृहात १३९ विरुद्ध १२७ अशा मतांनी प्रवेश मंजूर झाला आणि १० जुलै १८९० रोजी वायोमिंग चव्वेचाळिसावे राज्य बनले. शायेनच्या समारंभात थेरेसा जेंकिन्स या बाईंचे भाषण झाले. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. म्हणून त्यांनी मोकळ्या माळावर सराव केला. यजमान घोडागाडी घेऊन दूर दूर जात आणि तिथून ओरडून सांगत, आणखी मोठ्याने! मैत्रिणींनो, पत्नीला अधिक मोठ्याने बोल म्हणणारे यजमान दुर्मीळच म्हणायचे.

पुढे १८९३मध्ये कोलोरॅडो, १८९६मध्ये युटा व आयडाहो अशी शेजारची राज्ये याच वाटेने आली. साऱ्या अमेरिकेतील स्त्रियांसाठी घटनादुरुस्ती झाली ती १९२० साली; वायोमिंगनंतर पन्नास वर्षांनी. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ साली निघाले. त्यात तिकडच्या स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मंडळाच्या वाचनालयात ते असावे अशी माझी विनंती आहे.

१९२०चीच आणखी एक गंमत. जॅक्सन या डोंगराळ गावी नगरमंडळाच्या सगळ्या जागा स्त्रियांनी जिंकल्या. ग्रेस मिलर नगराध्यक्षा झाल्या. रोझ क्रॅबट्री यांनी तर प्रत्यक्ष आपल्या यजमानांनाच हरवले! त्या संध्याकाळी घरी स्वयंपाक कोणी केला याची नोंद नाही. पण काम केल्याची नोंद आहे : गावाची थकलेली कराची बाकी या बायकांनी घरोघर जाऊन वसूल केली, रस्ते सुधारले, स्मशानाकडे जाणारी वाट नीट केली. रोजच्या चालण्यातले खड्डे त्यांना आधीच माहीत होते.

१९२४ साली गव्हर्नर विल्यम रॉस यांचे शस्त्रक्रियेनंतर निधन झाले. महिनाभरातच निवडणूक होती. पक्षाने त्यांच्या पत्नी नेली टेलो रॉस यांना उभे केले. शोकामुळे त्या प्रचाराला फिरल्या नाहीत, तरी निवडून आल्या आणि ५ जानेवारी १९२५ रोजी अमेरिकेतील पहिल्या स्त्री गव्हर्नर झाल्या. पुढची निवडणूक त्या थोडक्या मतांनी हरल्या. पण १९३३ ते १९५३ अशी वीस वर्षे त्यांनी देशाच्या टांकसाळीचा कारभार सांभाळला.

आजचा राज्यकारभार असा : चार वर्षांसाठी गव्हर्नर, वरिष्ठ सभागृहात ३१ व कनिष्ठ सभागृहात ६२ सभासद, आणि एकंदर २३ परगणे. विधिमंडळाच्या बैठका थोड्याच दिवसांच्या असतात; सभासद बाकीचे वर्ष आपापली शेती, दुकान, वकिली पाहतात. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात राज्याचा एकच प्रतिनिधी. सिनेटमध्ये मात्र पावणेचार कोटींच्या वर वस्ती असलेल्या कॅलिफोर्नियाइतकेच दोन! राज्याला उत्पन्न मिळते ते मुख्यत्वे जमिनीच्या पोटातून : कोळसा, तेल, वायू. ट्रोना नावाचे एक खनिजही तिथे विपुल आहे. काच आणि धुण्याची पावडर यांसाठी लागणारा सोडा त्यापासून होतो. गुरे आणि मेंढ्या पाळणे हा जुना धंदा. शायेनला १८९७पासून दर उन्हाळ्यात गुराख्यांची मोठी जत्रा भरते. उधळलेल्या घोड्यावर टिकून राहण्याच्या शर्यती पाहायला दूरदूरचे लोक येतात.

आता या समान हक्कांच्या राज्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर भाषण अपुरे राहील. रॉक स्प्रिंग्ज या खाणीच्या गावी १८८५ साली गोऱ्या खाणकामगारांनी किमान अठ्ठावीस चिनी कामगारांना ठार मारले. त्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. ज्यांची ही भूमी, त्या शोशोनी व अरापाहो लोकांना विंड रिव्हरच्या राखीव क्षेत्रात राहावे लागले, आणि अमेरिकेतील सर्व आदिवासींना नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली. १८६९च्या कायद्यातली ‘प्रत्येक स्त्री’ म्हणजे खरोखर प्रत्येक स्त्री नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या दहा हजारांवर माणसांना याच राज्यात हार्ट माउंटन येथे कुंपणाआड ठेवले होते; त्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते.

स्त्रियांच्या बाबतीतही पाहा. नेलीबाईंनंतर २०२२च्या निवडणुकीपर्यंत एकही स्त्री तिथे गव्हर्नर झाली नाही. सिनेटवर वायोमिंगमधून पहिली स्त्री, सिंथिया लमिस, निवडून आली ती २०२० साली. २०१० ते २०२० या दशकात विधिमंडळात पाचांत एकही स्त्री भरत नव्हती. आणि मिळकतीत स्त्री-पुरुषांमधली तफावत अमेरिकेत जिथे सर्वांत अधिक, अशा राज्यांत वायोमिंगचे नाव अनेक वर्षे येत राहिले. याचे एक कारण उघड आहे. भरपूर पगाराची कामे खाणीत व तेलविहिरींवर, आणि ती बहुतेक पुरुषांकडे. बायका दुकानांत, शाळांत, शुश्रूषेत, कमी पगारावर. जिथे शिक्षिकांच्या समान पगाराचा कायदा १८६९ला झाला, तिथली ही स्थिती! राज्याचे बोधवाक्य ‘समान हक्क’ असे आहे. पण वाक्य मुद्रेवर कोरले म्हणून हिशेबाच्या वहीत आपोआप उतरत नाही.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात स्त्रियांना मर्यादित मताधिकार मिळाला १९२१ साली, आणि १९५०च्या राज्यघटनेने तो सर्व प्रौढ स्त्रियांना एकदमच दिला. त्यात जात पाहिली नाही, शिक्षण पाहिले नाही, मालमत्ता पाहिली नाही. वायोमिंगच्या कायद्यात जे राहून गेले ते आपल्या घटनेने पहिल्याच दिवशी केले, याचा अभिमान जरूर बाळगावा. २०११पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. खुर्ची मिळाली. पण त्या खुर्चीमागे उभे राहून यजमान किंवा दीर बोलत असतील, तर ज्यूरीवरच्या बायकांचे जे झाले तेच हळूहळू आपले होईल. ग्रामसभेचे, वॉर्डाच्या बैठकीचे बोलावणे आपल्याला येते का, हे आधी पाहावे. आले तर जावे. आले नाही तर का आले नाही, हे विचारायला चौघींनी मिळून जावे. मंडळाचा उपयोग हाच. हळदीकुंकू, भजन, सहल, पाककृती हे सगळे हवेच; त्यानेच तर आपण चौघी एकत्र येतो. एकत्र आलोच आहोत, तर वर्षातून दोनदा वॉर्डातल्या पाण्याचा, दिव्यांचा, शाळेच्या खोल्यांचा जाब विचारायला निघावे.

लुइझा आजींनी मत द्यायला वेगळा दिवस काढला नाही. बाजाराची बादली हातात होती, तशीच त्या आत गेल्या. आपल्यालाही संसार बाजूला ठेवायचा नाही. पिशवी हातात असतानाच जाता येते, एवढेच मला सांगायचे आहे.

वेळेचे भान ठेवून थांबते. मंडळाच्या पुढील कार्यास माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.